‘लिमिट’मध्ये म्हणजे नेमके किती?

दवाखान्यात पेशंटला ‘दारू घेता का?’ असे विचारले, की ठरावीक उत्तरे येतात. ‘छे, छे, व्यसन वगैरे काही नाही.’ ‘कधीतरी, चार जण बसले की.’ आणि सर्वांत लाडके उत्तर म्हणजे, ‘घेतो डॉक्टर, पण लिमिटमध्ये.’ हे उत्तर ऐकून सोबत आलेली पत्नी खिडकीबाहेर पाहू लागली, की डॉक्टरने समजायचे ते समजावे. लिमिट प्रत्येकाचे वेगळे. कुणाचे नाइन्टीला संपते, कुणाचे क्वार्टरला. गंमत अशी, की ज्याचे त्याचे लिमिट बहुधा तो सध्या घेतो तेवढेच असते. उद्या जास्त घेऊ लागला तर लिमिटही त्याच्याबरोबर पुढे सरकते.

दारू वाईट हे सांगण्यासाठी या सदराची गरज नाही. ते काम गाडगेबाबांनी आपल्यापेक्षा फार चांगले करून ठेवले आहे. आजचा लेख आहे तो घेणाऱ्यांसाठी. आपण किती घेतो, त्यातून शरीराला कितपत धोका आहे, आणि डॉक्टरकडे जाण्याची वेळ आली आहे का, हे घरच्या घरी कसे तपासावे एवढाच विषय आहे. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. कागद कुणाला दाखवायचा नाही, त्यामुळे खरे लिहायला हरकत नसावी.

आधी माप ठरवू. बिअर, व्हिस्की, रम, देशी यांची चव वेगळी, रंग वेगळा, किंमत वेगळी. पण शरीरावर परिणाम करतो तो त्यातला मद्यार्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क म्हणजे एक माप. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ‘४२.८ टक्के’ असे छापलेले असते. देशीच्या बाटलीवर ‘२५ यूपी’ दिसले तर त्याचाही अर्थ तोच. म्हणजे ३० मिलीचा एक स्मॉल पेग बरोबर एक माप भरतो. नाइन्टी म्हणजे तीन मापे, १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा, आणि ७५० मिलीचा खंबा म्हणजे पंचवीस. ‘देशी कडक, इंग्लिश सौम्य’ हा समज या हिशेबात टिकत नाही.

बिअरवाल्यांनी इथे थोडे थांबावे. ‘बिअर म्हणजे काय दारू आहे का?’ असे म्हणणारी मंडळी प्रत्येक गावात असतात. ६५० मिलीची साधी, म्हणजे ५ टक्क्यांची बाटली अडीच मापांची होते. पण ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास असते, आणि तिची एक बाटली म्हणजे चार मापे. अशा दोन बाटल्या रिचवून ‘आज फक्त बिअरच घेतली’ म्हणणाऱ्या माणसाने क्वार्टरपेक्षा जास्त दारू प्यायलेली असते.

घरी घेणाऱ्यांची अडचण निराळी. बारमध्ये निदान मापाने ओततात. घरी हात सढळ असतो. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते ते प्लॅस्टिकचे छोटे माप घ्या, त्याने मोजून ६० मिली पाणी आपल्या नेहमीच्या ग्लासात ओता आणि ते कुठवर येते ते पाहा. रोज ‘दोन पेग’ घेणारे बरेच जण प्रत्यक्षात साडेतीन-चार घेत असल्याचे तेव्हा लक्षात येते. हातभट्टीला मात्र हे कुठलेच गणित लागू पडत नाही. तिच्यात किती टक्के काय आहे हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसते. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आता तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने सहा देशांतील दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची माहिती घेऊन दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार करण्यात आली. १९८९ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर वापरली जाते. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा शब्द होतो ‘ऑडिट’. पतसंस्थेचे ऑडिट दरवर्षी होते, स्वतःचे कधी होत नाही, म्हणून हे नाव मला फार आवडते. प्रश्नांचा आशय आपल्या भाषेत देतो. उत्तरे लिहिताना गेले वर्ष डोळ्यांसमोर ठेवा.

पहिला प्रश्न, किती वेळा घेता? कधीच नाही, शून्य गुण. महिन्यातून एकदा किंवा त्याहून कमी, १. महिन्यातून दोन ते चार वेळा, २. आठवड्यातून दोन-तीन वेळा, ३. आठवड्यातून चार वेळा किंवा अधिक, ४.

दुसरा, ज्या दिवशी घेता त्या दिवशी साधारण किती मापे होतात? एक-दोन असतील तर शून्य, तीन-चार असतील तर १, पाच-सहा असतील तर २, सात ते नऊ असतील तर ३, दहा किंवा अधिक असतील तर ४. इथे वर शिकलेले माप वापरायचे. ‘एक क्वार्टर’ असे लिहायचे नाही, सहा मापे असे लिहायचे.

तिसरा, एकाच बैठकीत सहा किंवा अधिक मापे किती वेळा होतात? कधीच नाही तर शून्य, महिन्यातून एकदाही नाही पण वर्षात कधीतरी होतात तर १, दर महिन्याला २, दर आठवड्याला ३, रोज किंवा जवळजवळ रोज ४. चौथ्यापासून आठव्यापर्यंतच्या प्रश्नांना गुण देण्याची पद्धत हीच.

चौथा, एकदा सुरू केल्यावर थांबता आले नाही असे किती वेळा झाले? पाचवा, पिण्यामुळे ठरलेले काम राहून गेले असे किती वेळा झाले? कामावर खाडा, शेतावर पाणी द्यायला जायचे राहणे, मुलाच्या शाळेतली सभा चुकणे, सगळे यात धरा. सहावा, आदल्या रात्री भरपूर घेतल्यावर सकाळी अंगात त्राण यावे म्हणून पुन्हा घ्यावी लागली का? सातवा, घेतल्याबद्दल नंतर मनाला खंत, अपराधीपणा वाटला का? आठवा, रात्री काय झाले, काय बोललो, घरी कसा आलो हे सकाळी आठवले नाही असे झाले का?

शेवटच्या दोन प्रश्नांचे गुण वेगळे आहेत. नववा, तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली आहे का? दहावा, नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कुणी काळजी बोलून दाखवली आहे का, कमी करा असे सांगितले आहे का? नाही, शून्य. होय, पण वर्षभरापूर्वी, २. होय, याच वर्षात, ४.

दहाव्या प्रश्नावर बहुतेकजण पत्नीचे बोलणे धरत नाहीत. ‘ती काय, रोजच बोलते.’ रोज बोलते म्हणूनच ते धरायचे आहे.

बेरीज सातपर्यंत असेल तर धोका कमी. आठ ते पंधरा असेल तर पिणे धोक्याच्या पातळीवर गेले आहे आणि कमी करणे जरूर आहे. सोळा ते एकोणीस असेल तर डॉक्टरांशी सविस्तर बोलावे, पुन:पुन्हा तपासून घ्यावे. वीस किंवा अधिक असेल तर शरीर दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता आहे. तिथे मनाच्या निश्चयाबरोबर औषधोपचारही लागतात. स्त्रिया आणि पासष्टीच्या पुढचे पुरुष यांच्यासाठी सातलाच सावध व्हावे, कारण तेवढीच दारू त्यांच्या रक्तात जास्त चढते. गर्भवतीने मात्र बेरीज करत बसू नये. गर्भारपणात एक घोटसुद्धा निर्धोक मानता येत नाही.

दोन उदाहरणे करून पाहू. एक गृहस्थ फक्त शनिवारी घेतात, क्वार्टर. बाकी सहा दिवस हात लावत नाहीत. पहिल्या प्रश्नाचे २, दुसऱ्याचे २, तिसऱ्याचे ३. तीन प्रश्नांतच सात झाले. दुसरे गृहस्थ रोज जेवणाआधी नाइन्टी घेतात, शांतपणे जेवून झोपतात, आरडाओरडा नाही. पहिल्याचे ४, दुसऱ्याचे १. महिन्याकाठी एखाद्या पार्टीत सहा मापे होतात त्याचे २. त्यांचेही सात. दोघेही स्वतःला सज्जन पिणारे समजतात, आणि घरच्यांनी याच वर्षात एकदा जरी टोकले असेल तर दोघेही अकरावर जातात.

रोज नाइन्टी हा आपल्याकडे अगदी सभ्य समजला जाणारा प्रकार आहे. त्याचा वार्षिक हिशेब मांडला तर जवळपास ३३ लिटर, म्हणजे ४४ खंबे होतात. आठवड्याची मापे एकवीस. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये धोका कमी राहावा म्हणून जी आठवड्याची मर्यादा सांगितली, ती आपल्या मापात अकराच्या आसपास येते. तीही निर्धोक नव्हेच. पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ‘थोडी हृदयाला चांगली असते’ हे वाक्य त्यामुळे आता विसरलेले बरे. आपल्या राज्यात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना पूर्वापार प्रकृतीच्या कारणासाठी दिला जात आला आहे. पण कायद्याची भाषा आणि यकृताची भाषा एक नसते.

यकृताचेच पाहा. हा अवयव फार सोशिक. तो दुखत नाही, तक्रार करत नाही. नियमित घेणाऱ्यांच्या यकृतात प्रथम चरबी साठते, आणि कुठल्यातरी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा येतो. या पायरीवर दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांतच यकृत सुधारू लागते. पुढे सूज, मग व्रण धरून यकृत कडक होणे, म्हणजे सिऱ्हॉसिस. पोटात पाणी, पायांवर सूज, कावीळ, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास हे सगळे त्यानंतरचे. तिथेही थांबल्याने आयुष्य वाढते, पण झालेले व्रण सहसा जात नाहीत. रक्ताची तपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होणारे बरेच असतात. यकृताचे बरेच नुकसान होईपर्यंत त्या तपासण्या जवळजवळ नॉर्मल येऊ शकतात. माझ्या मते या बाबतीत त्या रिपोर्टपेक्षा वरची बेरीज अधिक लवकर बोलते.

दारूचे रोग दवाखान्यात दारूचे नाव घेऊन येत नाहीत. गोळ्या वाढवूनही रक्तदाब उतरत नाही. रात्री झोप पटकन लागते पण पहाटे तीनला मोडते. जुनाट अॅसिडिटी. तळपायांना मुंग्या, जळजळ. मधुमेह असलेला माणूस उपाशीपोटी घेतो आणि रात्री साखर एकदम उतरून बेशुद्ध सापडतो. घरच्यांना वाटते जास्त झाली असेल, झोपू द्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी ही गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेवावी. क्षयाच्या काही औषधांचा भार यकृतावरच असतो, म्हणून तो कोर्स चालू असताना दारू अजिबात नको. झोपेच्या गोळीबरोबर तर श्वास मंदावण्याचा धोका आहे.

कर्करोगाविषयी लोकांना फार कमी ठाऊक आहे. मद्य हे कर्करोगकारक आहे असा निर्णय कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच दिला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या ठिकाणच्या कर्करोगांशी तिचा संबंध आहे. आपल्याकडे ग्लासाबरोबर तंबाखूची मळी किंवा गुटख्याची पुडीही असते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात या दोघांचा धोका नुसता बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो.

गाडी चालवणाऱ्यांसाठी एक हिशेब. शरीर तासाला साधारण एक माप, किंवा त्याहून थोडे कमी, बाहेर टाकते. रात्री अकराला क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे पाचलाही मद्यार्क शिल्लक असू शकतो. लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, काळी कॉफी यांनी तो लवकर जात नाही. फक्त माणूस जागा राहतो. मोटार वाहन कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि ती गाठायला दोन स्मॉल पेगही पुरू शकतात.

हातभट्टीबद्दल सांगतो म्हटले होते. तिच्यात किंवा भेसळीच्या दारूत मिथेनॉल आले तर काय होते ते मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये दिसले. शंभरावर माणसे गेली. मिथेनॉलची खूण अशी, की पिऊन झाल्यावर काही तास, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत, विशेष काही जाणवत नाही. मग पोटात दुखते, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुके येते, श्वास जोरजोरात चालतो. घेतलेल्या माणसाला धूसर दिसू लागले, तर घरी ताक-लिंबू करत वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळेत उपचार मिळाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. सोबत बसलेल्या इतरांनाही, त्रास नसला तरी, तपासायला न्यावे.

आता ज्यांची बेरीज वीसच्या पुढे आली त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडे दारू सोडण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. माळ घालायची, देवापुढे शपथ घ्यायची, गटारीला शेवटची घेऊन श्रावणापासून बंद. ज्याचा श्रावण सुखाने जातो, त्याचे शरीर दारूवर अवलंबून नाही एवढे समजावे. चांगलेच आहे, मात्र उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेब त्याने माफ होत नाही. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात अशा माणसाने, एका दिवसात पूर्ण बंद करणे धोक्याचे आहे. शेवटच्या पेगनंतर सहा-बारा तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. वेळ-काळ कळत नाही, भिंतीवर किडे, माणसे दिसतात, अंगाला ताप चढतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. ही बाधा नसून दारू अचानक तुटल्याने झालेला गंभीर आजार आहे, आणि उपचाराविना तो जिवावर बेतू शकतो.

हाच प्रकार अपघाताने घडतो तेव्हा तर फारच गोंधळ होतो. माणूस मांडीचे हाड मोडून किंवा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होतो, दारू आपोआप बंद होते, आणि तिसऱ्या रात्री तो सलाइन उपसून पळू लागतो. लाजेपोटी कुणी सांगितलेले नसते. दाखल होताना डॉक्टरांना, भूल देणाऱ्यांनाही, रोज किती आणि शेवटची कधी घेतली हे स्पष्ट सांगावे. रुग्ण सांगत नसेल तर पत्नीने किंवा मुलाने बाजूला घेऊन सांगावे. यात बदनामी काही नाही.

योग्य पद्धतीने सोडवायचे तर डॉक्टर साधारण आठवडाभर थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या उतरत्या प्रमाणात देतात, बरोबर थायमिन हे ब-१ जीवनसत्त्व देतात. ते नुसते ‘ताकदीचे’ नव्हे. त्याच्या अभावी मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो. त्यानंतर ओढ कमी करणारी औषधे मिळतात. ‘रुग्णाला न कळत जेवणात मिसळा’ अशा जाहिरातींच्या पुड्या मात्र घरात आणू नयेत. त्यांत काय असते हे सांगता येत नाही. आणि त्यात डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि बिचाऱ्याने नेहमीसारखी दारू घेतली, तर चेहरा लाल होऊन, उलट्या होऊन रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ते औषध रुग्णाच्या संमतीने, त्याला सगळे समजावूनच द्यायचे असते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल आला. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि जवळपास पावणेसहा कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे असे त्यात आढळले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे उपचार मिळालेला माणूस एक. डॉक्टर नाहीत हे त्याचे एक कारण; पण हा आजार आहे आणि त्याला औषध आहे हेच बहुतेकांना माहीत नाही, हे दुसरे.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात याची तपासणी होते. मानसोपचार म्हटल्यावर बिचकू नये. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले, ते आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत मराठीतून भरतात. तिथे नाव-गाव सांगावे लागत नाही, फी नाही. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे, आणि त्यावर पिणाऱ्याच्या घरच्यांनीही बोलावे.

ज्यांची बेरीज आठ ते पंधरा आली त्यांना बहुधा कुठे दाखल व्हावे लागणार नाही. आठवड्यातले निदान चार दिवस कोरडे ठेवा, उपाशीपोटी घेऊ नका, मोठा ग्लास बदला, आणि ‘बसायचं का?’ विचारणाऱ्या मित्राला संध्याकाळच्या सातऐवजी सकाळच्या चहाला भेटा. हातातल्या कागदावर आजची तारीख घाला, कपाटात ठेवा आणि तीन महिन्यांनी नवा कागद घेऊन पहिले तीन प्रश्न पुन्हा सोडवा. आकडा उतरला नसेल, तर दोन्ही कागद खिशात घालून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. त्यांना तोंडी काही सांगावे लागणार नाही.